ई-कोर्ट्स आणि नक्कल विभागाची खिडकी : फौजदारी खटल्याचे कागद काढायच्या दोन सोयी, आणि त्या कितपत कामाच्या

महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुका कोर्टातल्या फौजदारी खटल्याची पुढची तारीख आज मोबाइलवर फुकटात कळते. त्याच खटल्यातल्या पंचनाम्याची सहीशिक्क्याची नक्कल हवी असेल, तर मात्र कोर्टात जाऊन नक्कल विभागात अर्ज द्यावा लागतो. या दोन्ही सोयी एकाच कामाच्या दोन टोकांना आहेत, म्हणून परीक्षणही एकत्रच केलं पाहिजे. ई-कोर्ट्स, म्हणजे कोर्टांतल्या खटल्यांची माहिती देणारं सरकारी संकेतस्थळ आणि ॲप, ही उत्तम सूची आहे, पण ती गुन्हा नंबराने उघडली तर. नावाने उघडायला गेलात तर ती हमखास दगा देते आणि चुकीच्या माणसावर ठपका ठेवते. आणि सूची म्हणजे दप्तर नव्हे. दप्तर कोर्टाच्या कपाटातच असतं.

सुरुवात पोलीस ठाण्याच्या कागदापासून करा. प्रथम खबर अहवालाच्या (एफआयआरच्या) पहिल्याच ओळीत जिल्हा, पोलीस ठाणे, वर्ष आणि प्रथम खबर क्रमांक, म्हणजेच गुन्हा नंबर, असतो. एवढ्या चार गोष्टी हातात असल्या की पुढचं निम्मं काम झालं. जुन्या गुन्ह्यांत एक खाचखळगा आहे. पूर्वी गुन्हा नंबर ‘I-४५/२०१२’ किंवा ‘II-४५/२०१२’ असा लिहीत. भाग एक भारतीय दंड संहितेच्या गुन्ह्यांचा आणि भाग दोन इतर कायद्यांखालच्या गुन्ह्यांचा. म्हणजे एकाच ठाण्यात, एकाच वर्षी ४५ नंबरचे दोन गुन्हे असू शकतात. संगणकावरच्या शोधात हा रोमन आकडा बहुधा गळून पडतो. त्यामुळे निकालात दोन खटले आले तर कलमं पाहून ठरवा, पहिला दिसला तो आपला असं धरू नका.

अहवालच हाताशी नसेल तर महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक पोर्टलवर ‘प्रकाशित एफआयआर’ हा भाग आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली आदेश दिला की एफआयआर नोंदल्यापासून २४ तासांत संकेतस्थळावर टाकायचा, आणि दुर्गम भागात फार तर ७२ तासांत. लैंगिक गुन्हे, पोक्सो, दहशतवाद यांसारखे संवेदनशील गुन्हे यातून वगळले आहेत, ते तिथे सापडणार नाहीत. फिर्यादीला तर प्रत विनामूल्य मिळायलाच हवी. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेच्या सध्याच्या कायद्याच्या) कलम १७३ मध्ये ते स्पष्ट लिहिलं आहे, आणि फिर्यादीबरोबर पीडित व्यक्तीचाही त्यात उल्लेख आहे. ठाण्यात ‘नंतर या’ म्हणाले तर हे कलम नम्रपणे पण ठामपणे सांगावं.

आता ई-कोर्ट्स. ‘केस स्टेटस’मध्ये राज्य, जिल्हा आणि न्यायालय संकुल निवडायचं आणि मग ‘एफआयआर नंबर’ हा पर्याय घ्यायचा. ठाणं यादीतून निवडायचं, क्रमांक आणि वर्ष भरायचं, प्रलंबित की निकाली असं विचारतील तिथे दोन्ही घ्यायचं, आणि कॅप्चा. या शोधाचं खरं मोल असं की त्यात नुसता मूळ खटला येत नाही. त्याच गुन्ह्यातले जामीन अर्ज, अटकपूर्व जामीन अर्ज, मुद्देमाल परत मिळण्याचे अर्ज हेही नोंद नीट झाली असेल तर ओळीने उभे राहतात. दोषारोपपत्र यायच्या आधी गुन्ह्याची माहिती हवी असेल तर जामिनाचा आदेश उघडून वाचावा. पहिल्या दोन-तीन परिच्छेदांत न्यायाधीश फिर्यादीचा गोषवारा देतात, मग सरकार पक्षाचं म्हणणं, मग बचाव. एवढी व्यवस्थित माहिती त्या टप्प्यावर दुसऱ्या कुठल्याही उघड कागदात मिळत नाही. पत्रकारांनी आणि अभ्यासकांनी ही वाट जरूर वापरावी.

खटला सापडला की सीएनआर नंबर उतरवून ठेवा. हा १६ अक्षर-आकड्यांचा असतो : दोन अक्षरं राज्याची, दोन जिल्ह्याची, दोन आकडे न्यायालयाचे, सहा आकडे खटल्याचे आणि शेवटचे चार वर्षाचे. पुणे जिल्ह्याचा असेल तर एम-एच-पी-यू ने सुरू होतो. मधल्या सहा आकड्यांत सुरुवातीची शून्यं गाळली की शोध चुकतो, आणि सगळ्यात जास्त चूक इथेच होते. हा नंबर एकदा मिळाला की ॲपमध्ये ‘माय केसेस’मध्ये साठवता येतो, किंवा ९७६६८९९८९९ वर ‘ECOURTS’ हा शब्द, एक जागा मोकळी सोडून सीएनआर असा एसएमएस पाठवला की पुढची तारीख येते. ॲपमधली यादी फोनवरच राहते. फोन बदलण्याआधी ती एक्स्पोर्ट करून ठेवली नाही तर साठवलेले सगळे खटले गेले म्हणून समजा.

नावाने शोध ही या सोयीची सगळ्यात कच्ची बाजू. पक्षकाराचं नाव आणि वर्ष टाकून शोध होतो, पण एका वेळी एकाच न्यायालय संकुलात. एखाद्या माणसावर पुणे जिल्ह्यात खटला आहे का हे पाहायचं तर शिवाजीनगर झालं म्हणजे झालं असं नाही. बारामती, खेड, जुन्नर, घोडेगाव, वडगाव मावळ, शिरूर, दौंड, इंदापूर, सासवड, भोर, पिंपरी ही सगळी संकुलं वेगळी पाहावी लागतात, तीही वर्षागणिक. मुंबईचं प्रकरण आणखी निराळं. तिथे जिल्ह्यांच्या यादीतच नगर दिवाणी व सत्र न्यायालय वेगळं आणि मुख्य दंडाधिकाऱ्यांची न्यायालयं वेगळी दिसतात. किल्ला कोर्ट, अंधेरी, वांद्रे, कुर्ला इथले खटले दुसऱ्या नोंदीखाली येतात. नवख्या माणसाने फक्त पहिलीच नोंद पाहिली तर दंडाधिकाऱ्यांपुढचे सगळे खटले त्याच्या नजरेतून निसटतात.

त्यात स्पेलिंग. नोंदी बहुतांश इंग्रजी लिपीत आहेत आणि त्या ज्या कारकुनाने भरल्या त्याच्या सवयीच्या आहेत. जाधव हे आडनाव विदर्भात पुष्कळदा शेवटी ‘ओ’ लावून लिहिलं जातं, चौधरी तर चार-पाच प्रकारे, गायकवाडमध्ये कधी ‘आय’, कधी ‘वाय’. आडनाव आधी की नाव आधी याचा नेम नाही. म्हणून पूर्ण नाव टाकू नका. निदान तीन अक्षरं लागतात, तेव्हा आडनावाची न बदलणारी पहिली चार-पाच अक्षरं टाका आणि आलेली यादी डोळ्यांनी चाळा. जुन्या निकाली खटल्यांत आणखी एक अडचण असते. सात आरोपींपैकी फक्त पहिल्याचं नाव भरलेलं आणि बाकीचे ‘व इतर’मध्ये गेलेले. चौथ्या आरोपीचं नाव शोधून काहीच मिळालं नाही म्हणजे त्याच्यावर खटला नव्हता असं नव्हे.

उलट बाजूनेही सावध राहिलं पाहिजे. नावाचा खटला मिळाला म्हणून तो त्याच माणसाचा होत नाही. ई-कोर्ट्सवर वडिलांचं नाव कधी असतं, कधी नसतं, पत्ता आणि जन्मतारीख बहुधा नसते. नोकरी देण्याआधी पार्श्वभूमी तपासणाऱ्या खाजगी संस्था हाच नावाचा शोध वापरतात, आणि ‘संतोष पाटील’ सारख्या नावाला जिल्ह्यात किती मालक असतील याचा विचार करा. नाव जुळलं तर एफआयआर किंवा दोषारोपपत्रावरचा वय-पत्ता पडताळल्याशिवाय एक शब्दही पुढे लिहू नये. माणसाची नोकरी त्यावर अवलंबून असते.

‘रेकॉर्ड नॉट फाउंड’ आलं तर त्याचे अर्थ अनेक आहेत आणि ते समजून घेतले तर पुष्कळ हेलपाटे वाचतात. पहिला, अजून दोषारोपपत्रच दाखल झालेलं नाही. तपास चालू असताना नियमित खटल्याला नंबर पडत नाही. दुसरा, तो अदखलपात्र होता. नुसती एनसी कोर्टात खटला म्हणून येत नाही. तिसरा अर्थ लोकांना सहसा माहीत नसतो : पोलिसांनी समरी मागितली, म्हणजे खटला न भरता तपास बंद करण्याचा अहवाल दिला. महाराष्ट्रात ‘अ’ समरी म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी सापडला नाही किंवा पुरावा नाही, ‘ब’ समरी म्हणजे फिर्याद जाणूनबुजून खोटी, ‘क’ समरी म्हणजे गैरसमजातून किंवा मुळात दिवाणी स्वरूपाची फिर्याद. हे कागद दंडाधिकाऱ्यांकडे असतात, पण नियमित फौजदारी खटल्यांच्या यादीत ते शोधून उपयोग नाही. ठाण्याचं नाव आणि गुन्हा नंबर घेऊन त्या कोर्टाच्या शिरस्तेदारांकडे (कार्यालयातल्या मुख्य कारकुनाकडे) समरीच्या नोंदवहीत विचारावं.

चौथा अर्थ म्हणजे खटला सत्र न्यायालयात वर्ग झाला. खून, दरोडा असे गुन्हे दंडाधिकाऱ्यांकडे आधी आर.सी.सी. (नियमित फौजदारी खटला) म्हणून नोंदतात, मग ते सत्र न्यायालयाकडे जातात आणि तिथे नवा सत्र खटला क्रमांक व नवा सीएनआर पडतो. जुन्या सीएनआरवर ‘निकाली’ दिसतं. ते पाहून आरोपी सुटला असं समजणारे लोक आहेत! इथेही धागा गुन्हा नंबराचाच, कारण तो दोन्हीकडे तोच राहतो. आणि पाचवा अर्थ, ठाणं चुकीच्या संकुलाखाली शोधलं. पिंपरी-चिंचवडचं आयुक्तालय २०१८ साली सुरू झालं तेव्हा चाकणसारखी ग्रामीणची ठाणी त्यात गेली, पण चाकण खेड तालुक्यात आहे, म्हणून आधी राजगुरुनगरचं कोर्ट पाहावं. बाल न्याय मंडळापुढची प्रकरणं आणि पीडितेची ओळख उघड होईल अशा नोंदी दिसत नाहीत किंवा नाव झाकलेलं असतं. ते तसंच असायला हवं.

निकालाचा शब्दही नीट वाचायला हवा. ‘डिस्पोज्ड’ म्हणजे फक्त त्या कोर्टाच्या बाजूने काम संपलं. दोषमुक्ती म्हणजे दोषारोप ठेवण्याइतकंही प्रथमदर्शनी काही नव्हतं. निर्दोष मुक्तता म्हणजे खटला चालून पुराव्याअंती सुटका. ‘ॲबेटेड’ म्हणजे आरोपी मयत. ‘डॉर्मंट’ म्हणजे आरोपी मिळून येत नाही म्हणून फाईल सुप्त ठेवली. वॉरंट उभंच असतं आणि माणूस सापडला की फाईल पुन्हा उघडते. एस.सी.सी. (किरकोळ गुन्ह्यांचे संक्षिप्त खटले) प्रकारच्या खटल्यांत गुन्हा कबूल करून दंड भरलेला असेल तर ती दोषसिद्धीच. दोनशे रुपये दंड भरून मोकळे झालेले लोक नोकरीच्या अर्जात ‘शिक्षा झालेली नाही’ असं लिहितात आणि मग पडताळणीत अडकतात. दंड किती होता यापेक्षा निकालाचा प्रकार काय होता ते पाहा.

संकेतस्थळावर तारखांच्या इतिहासात एखाद्या तारखेवर टिचकी मारली की त्या दिवशी काय झालं ते दिसतं, बहुधा एका ओळीत : ‘साक्षीदार गैरहजर’, ‘आरोपीचा हजेरी माफीचा अर्ज मंजूर’. आदेश आणि निकालपत्रं पीडीएफ स्वरूपात असतात. अलीकडच्या वर्षांचे बऱ्यापैकी मिळतात, जुने फारच तुटक. वाचायला, वकिलाला पाठवायला, अपील करायचं की नाही ठरवायला हे पुरतं. अपिलाला जोडायला नाही पुरत. तिथे प्रमाणित प्रतच लागते. साक्षी, पंचनामे, वैद्यकीय अहवाल, दोषारोपपत्र यांतलं काहीही तिथे मिळत नाही. दोषारोपपत्रं सर्वांसाठी संकेतस्थळावर टाकावीत ही मागणी सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये फेटाळली आहे. आरोपीला मात्र दोषारोपपत्राची पूर्ण प्रत नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २३० प्रमाणे फुकट मिळते, तीही हजर झाल्यापासून १४ दिवसांच्या आत. प्रत अपुरी असेल तर त्याच तारखेला रोजनाम्यात (कोर्टाच्या तारीखवार कामकाजाच्या नोंदीत) तशी नोंद करून घ्यावी.

इथून पुढे नक्कल विभाग. कोणाला काय मिळतं ते त्याच संहितेच्या कलम ४०४ वर ठरतं, जे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ३६३ होतं. कैदेची शिक्षा झालेल्या आरोपीला निकालपत्राची एक प्रत लगेच आणि विनामूल्य. निकालाने ज्याच्यावर परिणाम होतो अशा कोणालाही फी भरून निकाल, साक्ष किंवा दप्तराचा इतर भाग. त्रयस्थाला उच्च न्यायालयाच्या नियमांप्रमाणे, म्हणजे कारण लिहून आणि न्यायाधीशांच्या परवानगीने. त्रयस्थ अर्जदारांची सगळ्यात मोठी चूक ‘माहितीसाठी’ एवढंच कारण लिहिण्याची. कोणत्या कामासाठी, कुठल्या दाव्यात किंवा चौकशीत, कोणता कागद, हे तीन वाक्यांत लिहा. माहिती अधिकाराचा अर्ज इथे चालवू नका. न्यायालयीन दप्तराच्या नकला न्यायालयाच्या नियमांनीच घ्यायच्या, असं सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये गुजरात उच्च न्यायालयाच्या प्रकरणात ठरवून दिलं आहे. त्या वाटेने गेलात तर महिना फुकट जातो आणि शेवटी त्याच खिडकीवर यावं लागतं.

नक्कल अर्जात खटल्याचा प्रकार व नंबर, पक्षकार, न्यायाधीशांचं पद, प्रलंबित की निकाली, निकालाची तारीख आणि हवे ते कागद लिहायचे असतात. अर्जावर कोर्ट फी तिकीट लावायचं. वकिलामार्फत असेल तर वकीलपत्र दप्तरात असल्याची खात्री करा. अर्ज साधा की तातडीचा ते वर ठळक लिहा, तातडीचा दर वेगळा असतो. मग अर्जाला नंबर पडतो, संबंधित कोर्टातून किंवा अभिलेख कक्षातून दप्तर मागवलं जातं, पानं मोजून रक्कम सांगतात, ती भरली की प्रत निघते आणि मुळाशी रुजू होते, म्हणजे मूळ कागदाशी ताडून पाहिली जाते. अर्ज रखडण्याचं नेहमीचं कारण म्हणजे रक्कम सांगितली जाते आणि अर्जदार फिरकतच नाही. अर्ज देऊन तीन-चार कामाच्या दिवसांनी स्वतः चौकशी करा.

कागदांचं वर्णन करताना निशाणी क्रमांक, म्हणजे कोर्टाने त्या कागदाला दिलेला नंबर, लिहायची सवय लावा. ‘पंचनाम्याची नक्कल’ असं लिहिलं तर कोणता पंचनामा, घटनास्थळाचा, जप्तीचा की अटकेचा, हा प्रश्न येतो आणि अर्ज परत येतो. पण इथे एक बारकावा आहे. दोषारोपपत्रासोबतच्या कागदाला निशाणी क्रमांक तो साक्षीत शाबीत झाल्यावरच पडतो. पंच फितूर झाला आणि पंचनामा शाबीत झाला नाही तर त्याला निशाणी नसते. मग ‘दोषारोपपत्रासोबतच्या यादीतला अमुक क्रमांकाचा कागद’ असं लिहावं लागतं. जामिनाचा, मुद्देमालाचा आदेश हवा असेल तर ‘निशाणी अमुकवरील आदेश’ असं लिहा, कारण हे आदेश बऱ्याचदा अर्जाच्याच पाठीवर किंवा खाली लिहिलेले असतात आणि अर्जाशिवाय आदेशाला अर्थ राहत नाही. दोन्ही एकत्र मागा. आणि रोजनामा विसरू नका. कोणत्या तारखेला कोण हजर होतं, तारीख का पडली, वॉरंट कधी निघालं हे सगळं त्यात असतं, आणि विलंबाचा मुद्दा मांडायला त्याच्यासारखा दुसरा कागद नाही.

हातात आलेल्या नकलेचं शेवटचं पान पाठीमागून पाहा. तिथे शिक्क्यात अर्जाचा नंबर, अर्ज आल्याची तारीख, नक्कल तयार झाल्याची तारीख, दिल्याची तारीख, पानं, आकारलेली फी, नक्कल करणाऱ्याची आणि रुजू करणाऱ्याची सही असते. या तारखा शोभेच्या नाहीत. शिक्षेविरुद्ध सत्र न्यायालयात अपिलाची मुदत ३० दिवस, उच्च न्यायालयात ६० दिवस, आणि नक्कल मिळवण्यात लागलेला काळ मुदत कायद्याच्या कलम १२ प्रमाणे त्यातून वजा होतो. वजावट या शिक्क्यावरूनच मोजतात. पण नक्कल तयार होऊन तुम्ही पंधरा दिवस न्यायलाच गेला नाहीत, तर ते पंधरा दिवस तुमच्याच खात्यात पडतात.

दप्तर न मिळण्याची कारणं ठरलेली आहेत. नुकताच निकाल लागला असेल तर फाईल अजून कोर्टातच असते, अभिलेख कक्षात जमा व्हायला वेळ लागतो. अपील झालं असेल तर संपूर्ण दप्तर वरच्या कोर्टाने मागवलेलं असतं. मग नक्कल अर्ज तिथेच द्यावा लागतो. कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांच्या बाबतीत ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं कोल्हापूरचं सर्किट बेंच सुरू झालं आहे, तेव्हा मुंबईला धाव घेण्याआधी अपील आता कुठे आहे ते उच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर पाहा. फार जुन्या खटल्यात दप्तराची वर्गवारी होऊन खालच्या वर्गातले कागद मुदतीनंतर नष्ट केलेले असतात. निकालपत्र इतर कागदांपेक्षा जास्त टिकतं, म्हणून जुन्या प्रकरणात आधी तेच मागा. खटल्याचा नंबरच माहीत नसेल तर नक्कल अर्जाआधी शोध अर्ज द्यावा. पोलीस ठाणं, अंदाजे वर्ष आणि आरोपीचं पूर्ण नाव दिलं तर नोंदवहीतून नंबर काढून देतात, फक्त दोन-तीन वर्षांचाच पट्टा द्या, ‘१९९० ते २०१०’ असं लिहिलं तर शोधणाऱ्याचा आणि तुमचाही वेळ जातो.

पैशाच्या हिशेबाने पाहिलं तर ई-कोर्ट्स पूर्ण फुकट आहे आणि नक्कल विभाग स्वस्त आहे. पानामागचा दर विभागात फलकावर असतो. महाग पडतात ते हेलपाटे, विशेषतः तालुक्याहून जिल्ह्याला येणाऱ्याला. कोर्टाच्या आवारातलं ई-सेवा केंद्र ही या मधल्या जागेतली चांगली सोय आहे. सीएनआर शोधून देणं, पुढची तारीख, नकलेचा अर्ज ऑनलाइन करायला मदत, हे तिथे मिळतं आणि मोबाइल नसलेल्या माणसाला तर हाच आधार. सगळं जुनं दप्तर संगणकावर आणण्याचं काम ई-कोर्ट्सच्या ७,२१० कोटी रुपयांच्या तिसऱ्या टप्प्यात आहे. ते तालुक्यापर्यंत पोचलं तर नक्कल विभागावरचा भार खरोखर हलका होईल, आणि व्हायलाच हवा.

नक्कल घेतल्यावर खिडकी सोडण्याआधी पाच मिनिटं थांबून पानांचे क्रमांक सलग आहेत का पाहा, पाठपोट कागदांची मागची बाजू आली आहे का पाहा, पंचनाम्यावरच्या पंचांच्या सह्या आणि नकाशा नीट उमटला आहे का पाहा, आणि प्रत्येक पानावर शिक्का आहे का. चूक तिथल्या तिथे दाखवली तर दुरुस्त होते. घरी जाऊन लक्षात आली तर नवा अर्ज, नवं तिकीट आणि नवी तारीख.